वावरातला गोल्फ: स्विंग बसवायचा तर माती वाचायला शिका

सोयाबीन निघालं की ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते लगेच हरभऱ्याच्या मागे लागतात. ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांचं वावर पुढच्या मृगापर्यंत पडून असतं. गोल्फचा स्विंग, म्हणजे चेंडू मारायला क्लब (गोल्फची काठी) फिरवायची रीत, शिकायला असं पडीत वावर फार कामाचं आहे. नागपूर गाठल्याशिवाय आपल्याला गोल्फचं मैदान दिसत नाही हे खरं, पण स्विंग बसतो तो सरावाच्या जागी, आणि काळ्या मातीइतका खरं बोलणारा गुरू मला तरी दुसरा माहीत नाही. क्लब कुठे टेकला, किती खोल गेला, कुठल्या दिशेनं निघाला, सगळं ती उमटवून ठेवते. नवशिक्याची नजर नेहमी चेंडूच्या मागे पळते. ती चेंडूवरून मातीवर आणा. शिकवणारा जवळ नसतानाही सुधारणा होते ती यामुळेच.

हा खेळ मोठ्या माणसांचा, आपल्या पोट्ट्यांचा नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला स्पेनच्या पेद्रेन्या गावचा सेव्हे बायेस्तेरोस सांगा. लहानपणी त्याच्याकडे एकच जुना ३ नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, होता आणि सरावाला समुद्रकाठची वाळू. पुढे त्यानं १९७९, १९८४ आणि १९८८ अशी तीनदा ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. अमेरिकेचा बबा वॉटसन घराभोवती प्लास्टिकचे पोकळ चेंडू मारत शिकला, रीतसर शिकवणी कधी लावली नाही, आणि २०१२ व २०१४ मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला. आपल्याकडचा अली शेर आधी कॅडी होता, म्हणजे दुसऱ्यांच्या पिशव्या वाहायचा. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला.

सामान आणि जागा

नियमानं खेळाडूला १४ क्लब बाळगता येतात. तुम्हाला एकच लागतो: ७ नंबरचा आयर्न, जुना, स्टीलच्या दांड्याचा. रबरी ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर तेवढी बदलून घ्या, कारण घसरणारी ग्रिप माणसाला मूठ आवळायला लावते आणि अर्धे दोष तिथूनच सुरू होतात. लांब दांड्याचा ड्रायव्हर पहिले काही महिने हातातही धरू नका. त्यात चूक मोठी होते आणि कारण कळत नाही.

चेंडू जुने चालतील. खरा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसतो आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसतो. एवढासा दिसतो, पण डोळ्याला किंवा कपाळाला लागला तर जीवावर बेतेल. म्हणून समोर किमान दोनशे मीटर मोकळं वावर हवं, पांदण नको, चरणारी जनावरं नकोत, कापूस वेचणाऱ्या बाया नकोत. पाहणाऱ्या पोरांना तुमच्या पाठीमागे आणि पाच-सहा पावलं लांब उभं करा. आजूबाजूच्या वावरात माणूस दिसला की थांबा. अंगणात सराव करायचा असेल तर फक्त भोकं असलेले प्लास्टिकचे चेंडू.

बरड जमिनीवर मारू नका. मुरमात लपलेल्या दगडावर क्लब आदळला तर मनगट कामातून जातं. काळी मातीसुद्धा होळीनंतर दगडासारखी होते, भेगा पडतात आणि चेंडू त्यात गडप होतात. तेव्हा काथ्याचं जाड पायपुसणं खाली घ्या, चेंडू त्यावर ठेवा.

उभं राहायची दिशाही ठरवून घ्या. सकाळी पाठ पूर्वेला, तोंड पश्चिमेला. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा खांदा मग दक्षिणेकडे येतो आणि चेंडू तिकडेच जातो. (डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उलटं वाचावं.) ऊन पाठीवर असल्यानं तुमची सावली समोर, चेंडूच्या बाजूला पडते. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

मूठ

स्विंग बिघडण्याचं पहिलं कारण हातात असतं. आपल्या हातांना कुदळ-फावड्याची सवय. दांडा तळहातात घट्ट धरायचा, आणि त्या कामाला तेच बरोबर. क्लब मात्र बोटांत धरायचा. डावा हात मोकळा सोडा. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका दांडा ठेवा आणि बोटं मिटा. तळव्याची जाड गादी दांड्याच्या वर आली पाहिजे. आता खाली पाहा. डाव्या हाताच्या बोटांची दोन गाठाळं दिसली तर ठीक, अडीच दिसली तर उत्तम. एकच दिसत असेल तर क्लबचं तोंड (चेंडूला लागणारी सपाट बाजू) उघडं, म्हणजे उजवीकडे रोखलेलं, राहणार आणि चेंडू उजवीकडे वळत जाणार, हे लिहून ठेवा.

उजवा हात त्याच्या खाली, त्याचीही पकड बोटांतच. डावा अंगठा उजव्या तळव्याच्या खळग्यात झाकला जातो. दोन्ही हात जोडायचे तीन प्रकार आहेत. दहाही बोटं दांड्यावर ठेवणं लहान मुलांना आणि बारीक हातांना सोपं जातं. उजवी करंगळी डाव्या तर्जनीत अडकवणं ही जॅक निकलस आणि टायगर वुड्स या नामवंत खेळाडूंची पद्धत. तिसऱ्यात उजवी करंगळी डाव्या हाताच्या दोन बोटांमधल्या खाचेवर बसते. हा प्रकार रूढ केला तो सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या हॅरी वार्डननं. कुठलाही घ्या, पण दर आठवड्याला बदलू नका.

जोर किती? दहापैकी चार. मनगट हलकं हललं पाहिजे, पण दांडा हातात फिरता कामा नये. रात्री जेवणानंतर ओट्यावर बसून मूठ धरा, सोडा, परत धरा. यात चेंडू मारण्याइतकी मजा नाही हे मान्य. पण आमच्या गावात ज्या पोरांनी हे मनावर घेतलं तीच पुढे सरळ मारू लागली.

उभं राहणं

दोन सरळ तुराट्या घ्या. पऱ्हाटी वाकडी असते, ती चालत नाही. एक तुराटी चेंडूच्या थोडी पलीकडे, निशाणाकडे तोंड करून ठेवा. दुसरी तिला समांतर, तुमच्या पायाच्या अंगठ्यांपुढे. पाय निशाणाकडे रोखायचे नसतात, निशाणाच्या रेषेला समांतर ठेवायचे असतात. क्रिकेट खेळून आलेली मुलं इथे हमखास चुकतात. खांदे निशाणाच्या उजवीकडे रोखून उभी राहतात आणि मग मारताना क्लब ओढून डावीकडे आणतात.

पाय खांद्याइतके रुंद. कमरेतून वाका, पाठ सरळ, गुडघे नावापुरते मोकळे. हात खांद्यातून सरळ खाली लोंबू द्या. जिथे लोंबतात तिथेच क्लब धरा. दांड्याचं टोक आणि मांडी यांच्यामध्ये एक-दीड मुठीचं अंतर राहतं. चेंडू दोन्ही पायांच्या मध्यावर किंवा तिथून बोटभर डावीकडे. वजन दोन्ही पायांवर सारखं, टाचांवर नाही.

क्लब मागे नेताना

पूर्ण स्विंग सुरुवातीला करूच नका. हात कमरेपर्यंत मागे, दांडा जमिनीला समांतर, आणि पलीकडेही तेवढाच. अर्धा स्विंग. दोन-तीन आठवडे एवढंच.

मागे नेताना हातांनी उचलू नका, छाती फिरवा. डावा खांदा हनुवटीखाली येतो, उजवा गुडघा जवळपास तसाच वाकलेला राहतो, वजन उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर जातं. डावा हात लांब असावा, ताठ काठी नको. इथे सावली वापरा. डोक्याची सावली जिथे पडते तिथे एक ढेकूळ ठेवा. क्लब मागे नेताना सावली ढेकळावरून बाजूला सरकली, म्हणजे तुम्ही फिरण्याऐवजी सरकताय. बोटभर हललं तर चालतं. ढेकूळच उन्हात आलं तर परत सुरुवात करा.

लयीचं एक गणित पक्कं आहे. नावाजलेल्या खेळाडूंना क्लब मागे न्यायला जेवढा वेळ लागतो तो खाली आणायच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो. म्हणून मोजा: मागे नेताना एक-दोन-तीन, चेंडूवर चार. मोठ्यानं मोजायला लाज वाटू देऊ नका.

खाली येताना

ज्वारीवरची पाखरं हाकलणारा म्हातारा गोफण कशी फिरवतो ते आठवा. दोर त्याच्या हातात सैल असतो, अंग आधी वळतं, हात मागून येतो आणि धोंड्याला सगळा वेग अगदी शेवटी मिळतो. मुठीत जोर धरून फिरवली तर धोंडा चार हातांवर पडतो. क्लबचंही तेच आहे. आधी वजन डाव्या पायावर, मग कंबर, मग खांदे, मग हात, आणि क्लबचं डोकं सगळ्यात शेवटी. नवशिका उलटं करतो. वरूनच खांद्यानं झोका देतो, क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या रेषेपलीकडून तुमच्याकडे, कापत येतो आणि चेंडू उजवीकडे वळत धुऱ्यापलीकडे जातो.

दुसरी खोड चेंडू उचलायची. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये खालून उचलून षटकार मारायची सवय लागलेली असते, त्यामुळे मुलं गोल्फमध्येही मागच्या पायावर जाऊन मनगट वर झटकतात. ७ नंबरच्या आयर्नचं तोंड मुळातच तीस अंशांच्या आसपास, जुन्या क्लबात थोडं जास्तच, मागे कललेलं असतं. चेंडू वर न्यायचं काम ते करतं. तुम्ही खालच्या दिशेनं मारायचं: आधी चेंडू, मग माती. त्या क्षणी बहुतेक वजन डाव्या पायावर आणि हात चेंडूच्या किंचित पुढे असावेत.

हे अंगात उतरवायला कुटाराचं पोतं घ्या. गोणपाटात सोयाबीनचं कुटार दाबून भरा, तोंड शिवा आणि चेंडूच्या जागी ठेवा. अर्ध्या स्विंगनं पोत्यावर हळू मारा आणि तिथेच थांबून स्वतःकडे पाहा. हात पुढे आहेत का, उजवी टाच उचलली गेली का, पट्ट्याचं बक्कल निशाणाकडे वळायला लागलं का. जोर लावू नका, मनगट दुखेल. पोतं मऊ पडलं की कुटार परत ठासा.

शेवट नीट झाला पाहिजे. वजन डाव्या पायावर, उजवा पाय अंगठ्यावर, बक्कल निशाणाकडे. चेंडू खाली पडेपर्यंत तसंच उभं राहता आलं तर तोल बरोबर होता. तोल जात असेल तर वेग कमी करा, दुसरं काही बदलू नका.

फक्कीची रेघ

माझ्या मते नवशिक्यानं एकच व्यायाम करायचा झाला तर हा करावा. कबड्डीचं मैदान आखायची फक्की घ्या आणि वावरात दोन-तीन मीटरची सरळ रेघ मारा, तुमच्या दोन्ही पायांच्या मधून समोर जाईल अशी. चेंडू ठेवू नका. रेघ चेंडू आहे असं समजून अर्धा स्विंग करा. मग खाली पाहा. एक पाऊल सरका, पुन्हा मारा. अशी रेघ संपेपर्यंत.

माती रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, म्हणजे निशाणाच्या बाजूला, उडाली पाहिजे. मागे उडाली तर वजन उजव्या पायावर राहिलं किंवा मनगट आधीच सुटलं. माती उडालीच नाही तर मारताना तुम्ही उठलात. असा चेंडू डोक्यावर टोला बसून सरपटत जातो. आमच्याकडच्या एका दहावीच्या पोराचे सगळे घाव रेघेच्या मागे चार बोटं पडत होते. तो डाव्या पायावर जातो असं त्याला ठामपणे वाटत होतं, आणि मातीवर खुणांची ओळ वेगळं सांगत होती. त्याला एवढंच करायला लावलं की सुरुवातीलाच वजन थोडं डाव्या पायावर ठेवायचं आणि तिथून हलायचं नाही. त्याच संध्याकाळी खुणा रेघेवर आल्या. मग फक्कीवर चेंडू ठेवला.

खुणेची दिशाही वाचा. मातीची चीर निशाणाच्या डावीकडे तोंड करून असेल तर क्लब बाहेरून आत येतोय. मग चेंडूच्या रेषेबाहेर चार बोटं आणि वीतभर मागे पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली उभी ठेवा, आणि ती न पाडता मारायला शिका. बाहेरून आलात की बाटली उडते, वेगळं कोणी सांगायची गरज राहत नाही. चिरेची तुमच्यापासून दूरची कड जास्त खोल असेल तर मारताना हात वर गेलेत. जवळची कड खोल असेल तर हात खाली पडलेत.

मातीनंतर चेंडू. रडारवर चालणारी मोजणी यंत्रं येईपर्यंत अनेक शिकवणारे सांगायचे की चेंडू क्लबच्या मार्गावर निघतो. मोजल्यावर कळलं की चेंडू निघायची दिशा मुख्यतः क्लबच्या तोंडावर ठरते, सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त. पुढे तो किती वळेल हे तोंड आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. म्हणून चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर तुमचा मार्ग बाहेरून आत आहे आणि तोंड त्या मार्गाच्या मानानं उघडं आहे. सरळ रेषेत उजवीकडेच जात असेल तर दोन्ही उजवीकडे रोखलेत, आधी तुराट्या तपासा. दुरुस्तीचा क्रम कायम हाच ठेवा: मूठ, मग उभं राहणं, मग स्विंग. पहिल्या दोन्हींत दोष असताना स्विंगला हात लावला तर एक चूक झाकायला दुसरी तयार होते.

फोनवर व्हिडिओ काढत असाल तर फोन हातांच्या उंचीवर ठेवा, एकदा समोरून आणि एकदा निशाणाच्या रेषेत मागून. धुऱ्यावरच्या बाभळीच्या फांदीत अडकवला तर कोन तिरका येतो आणि मार्ग चुकीचा दिसतो. बंडीच्या साठ्यावर ठेवला तर बरा.

वर्षभराचा सराव

दिवाळीपासून होळीपर्यंत खरे चेंडू मारा. आठवड्यात तीन-चार दिवस, एका वेळी चाळीसच्या आसपास. त्यातले निम्मे फक्कीच्या रेघेवर आणि उरलेले दर वेळी निशाण बदलून, कारण मैदानावर एकच फटका दोनदा मिळत नाही. एक फटका बोरीच्या झाडाकडे, पुढचा विहिरीच्या मोटारघराच्या डाव्या अंगाला, आणि प्रत्येक वेळी मागे जाऊन, रेषा पाहून, नव्यानं उभं राहायचं. चेंडूंचा ढीग पायाजवळ ठेवून धडाधड मारणं हा घाम गाळायचा प्रकार आहे, सराव नाही.

दिवसभर कापूस वेचून किंवा तूर सोंगून कंबर भरून आली असेल तर त्या दिवशी चेंडू मारू नका. थकलेली कंबर फिरत नाही, मग हात तिचं काम करतात आणि तीच सवय राहते. अशा दिवशी फक्त मूठ. इतर दिवशी आधी पाच मिनिटं खांदे-कंबर मोकळी करा. क्लब पाठीमागे कोपरांत अडकवून दोन्ही बाजूंना वळा.

एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सकाळी सात वाजेपर्यंतच, आणि पाणी सोबत. पावसाळ्यात काळी माती क्लबला किलोभर चिकटते, तेव्हा वावरात जायचंच नाही. ओसरीत किंवा गोठ्याच्या मोकळ्या बाजूला चेंडूशिवाय, अगदी संथ स्विंग करा. आढ्याला क्लब लागणार नाही एवढं पाहा. आषाढ-श्रावणात रोज दहा मिनिटं हे करणाऱ्याचा स्विंग कार्तिकात कितीतरी सुधारलेला असतो.

अर्धा स्विंग रेघेवर बसला, दहापैकी सात-आठ खुणा पुढे पडू लागल्या, की हात खांद्याच्या उंचीपर्यंत न्या. त्यानंतर पूर्ण. पूर्ण स्विंगमध्ये रेघ सुटली तर न चिडता परत अर्ध्यावर या.

मग एकदा नागपूरला सरावाच्या रेंजवर जाऊन या. कॉलरचा टी-शर्ट आणि साधे स्पोर्ट्स शूज चालतात, पण आधी फोन करून विचारा. कोणी मारत असताना बोलू नका, त्याच्या मागच्या रेषेत उभे राहू नका, उखडलेलं गवत परत जागेवर दाबा. तासभराची शिकवणी घ्यायची असेल तर शिकवणाऱ्याकडे नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र आहे का विचारा, आणि फोनमधला वावरातला व्हिडिओ त्याला दाखवा. तुम्ही एकच प्रश्न घेऊन गेलात, उदाहरणार्थ खूण रेघेच्या मागे का पडते, तर तासाचे पैसे वसूल होतात. ‘सगळंच सांगा’ म्हणालात तर सगळंच ऐकून परत याल.